ग्रंथालय दुपारी चालू राहील

सांगली, बुधवार
(तारीख लिवली न्हाई. कॅलेंडर माज्या पाठीमागं हाय आन वळायचा कटाळा आलाय.)

प्रिय जालिंदरदादा,

तुज्या धाकट्या मावसबहिणीचा, म्हंजे आम्रपालीचा, म्हंजे जिला तू लहानपणी 'आगलावी' म्हणायचास तिचा तुला कडक जय भीम. तब्येत कशी हाय? तिकडं बर्फ पडतोय का? पायमोजे कोरडे हायत का? (टीव्हीवर एका साहेबानं सांगितलं की बर्फात पायमोजे तेवढे कोरडे पायजेत, बाकी मानूस ओला असला तरी चालतंय. म्हणून खास इचारलं.) जेवतोस का येळेवर? ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ध्यानात ठेव, पुढं त्याचं काम हाय. इकडं सगळी खुशाल हायत असं लिवायची रीत हाय, म्हणून लिवलं. रीत पुरी झाली. आता खरं लिवती.

पत्र बघून तू दचकला असशील, कारण आपल्या घराण्यात पत्र आलं तर लग्नाचं येतं न्हायतर कोर्टाचं. हे दोन्हीतलं न्हाई. गोष्ट साधी हाय. तू फोन उचलत न्हाईस. मी केला, माज्या बाबांनी केला, तुमच्या घराशेजारच्या बनाबाईनं तर मुद्दाम दुसऱ्याच्या नंबरावरनं केला. रिंग जाती आन कट हुती. (तिकडं रेंज नसती ह्यावर मी इश्वास ठेवला असता. पर रेंज नसली की रिंगच जात न्हाई, एवढं शिक्षण माजं झालंय.) म्हणून म्हणलं, पत्र लिवू. पत्र कट करता येत न्हाई. शिवाय ते युनिटात येणार, साहेबाच्या हातनं तुला मिळणार, आन साहेबासमोर ते फाडून टाकायची तुजी छाती न्हाई. तू का उचलत न्हाईस ते मला ठावं हाय, पर त्यो विषय मी काढणार न्हाई. (शेवटी काढणार हाय.)

तुला एक बातमी कुणी दिली नसंल. तुज्या भावाच्या, आपल्या पश्याच्या खुर्चीवर सध्या मी बसती. त्यो गेल्यावर विद्यापीठातल्या त्याच्या वरच्या मॅडम, संयोगिता मॅडम, गावाकडं भेटायला आल्या हुत्या. जाताना त्यांनी सहज इचारलं, घरात अजून कुणाला कॉम्प्युटर येतो का. मी म्हणलं, मला येतो. (पत्त्यांचा खेळ येत हुता. पर तेवढं इस्कटून कोण सांगतंय?) तर ज्या विद्यापीठानं मला बी.ए.ला दोनदा नापास केलं, त्याच विद्यापीठाची वेबसाईट आता माज्या हातात हाय. विद्यापीठाचं नाव लिवत न्हाई, कारण चौकशी चालू हाय. चौकशीचं पुढं येतंय. त्या खुर्चीची उंची पश्यानं त्याच्या ढांगांच्या मापानं केली हुती, त्यामुळं माजे पाय फरशीला टेकत न्हाईत. खाली करायचा खटका हाय खुर्चीला. मी दाबत न्हाई. लोंबकळत काम करती.

काम काय म्हणशील, तर अलर्ट सांभाळायचे. लोक गुरं सांभाळत्यात, मी अलर्ट. वेबसाईट उघडली की वर एक लाल पट्टी दिसती, तिच्यातनं महत्त्वाचं काय ते सरकत जातं. आन ज्यांनी ज्यांनी मोबाईलवर परवानगी दिलीया त्यांच्या फोनवर त्येच टिंग करून वाजतं. आग लागली, पूर आला, पेपर पुढं ढकलला, असल्या कामासाठी ही सोय केल्ती. पर दादा, फुकटचा लाऊडस्पीकर कुणाला नको असतो? ग्रंथालयवाले म्हणणार, पुस्तकं परत करा, लाल लावा. वसतिगृहवाले म्हणणार, नळाला पाणी सकाळीच येईल, लाल लावा. एका सरांची पाण्याची बाटली हरवली, तीबी लाल. (बाटली निळी हुती.) एकदा बागंत साप निघाला म्हणून टिंग सोडली, तर शिराळ्याच्या पोरांनी उलटा अर्ज दिला, की साप निघणं ह्यात धोका कसला, आधी कंचा साप हाय ते लिवा, आन धरायचा असंल तर आमाला बोलवा. आन लागलेली पट्टी काढायची म्हणशील तर राम राम. लावायचा हुकूम तोंडी चालतो, काढायचा लेखी लागतो. गेल्या पावसाळ्यात 'अतिवृष्टीमुळे उद्या सुट्टी' अशी पट्टी लागली, ती उन्हाळ्यापतुर सरकत हुती, कारण पाऊस थांबला असं सहीनिशी लिवून द्यायला कुणी तयार हुईना. भाईर ऊन मी म्हणतंय, आन वेबसाईटवर रोज उद्या सुट्टी.

त्यात मी काय कमी न्हाई. एकदा कँटीनच्या वड्यात खरंच बटाटा सापडला, म्हणून मी तातडीची सूचना सोडली, 'कँटीनच्या वड्यात बटाटा आढळला असून विद्यार्थ्यांनी घाबरून जाऊ नये.' कँटीनवाला आठ दिस माज्याशी बोलत नव्हता, पर वडे संपले त्याचे. ते जाऊ दे.

पश्याचं तसं नव्हतं. पश्या कामाला चोख. आता मी सांगती ते तुला म्हाईत नसणार, कारण ते मावशीला, म्हंजे तुज्या आईला, आन त्यालाच ठावं हुतं, आन मला ह्या खुर्चीवर बसल्यावर कळलं. चंद्रामावशीला त्यानं नवा फोन घेऊन दिला तवा त्यावर त्यानं आपली वेबसाईट उघडून दावली. फोननं इचारलं, ही वेबसाईट तुमाला सूचना पाठवू इच्छिती, परवानगी द्यायची का? मावशी म्हणली, "इचारून येतंय बिचारं, न्हाई कशाला म्हणायचं?" आन दाबलं. (दारात आलेल्याला न्हाई म्हणायचं न्हाई, हा तिचा कायदा. पुढं ती सगळ्यांनाच व्हय म्हणत सुटली. कांद्याचे भाव, केस गळायचं तेल, दिल्लीचा कोण भविष्यवाला, सगळी तिच्या फोनवर जेवायला. पश्यानं मग एका रविवारी बसून त्यांना एकेकाला भाईर काढलं, आन आपली एकटी टिंग ठेवली.) आन तिला म्हणला, "आई, दुपारची टिंग वाजली की समजायचं, मी डबा खाल्ला. मग तू बसायचं." तुला ठावंच हाय, पोरगं जेवल्याशिवाय मावशीच्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. तुमी दोघं शाळंत हुता तवा ती शाळंच्या सुट्टीच्या घंटंवर जेवायची. घंटा गेली, टिंग आली, एवढाच फरक.

आता रोज दुपारी अख्ख्या विद्यापीठाला 'मी जेवलो' असं कसं कळवायचं? तर त्यानं एक सूचना तयार केली, 'ग्रंथालय दुपारी चालू राहील.' दादा, ग्रंथालय दुपारी चालूच असतंय. ते कवाच बंद नसतंय. पर वाचणाऱ्याला वाटायचं, काय तरी कारण असंल. डबा पुसला, झाकण लावलं, की पश्या ती सूचना सोडायचा. पुढं पुढं कामाच्या गडबडीत चुकाय लागली, आन मावशी उपाशी बसाय लागली, तवा त्यानं सूचना सोडायच्या पॅनलमधला 'रोज' म्हणून एक खटका हाय त्यो दाबून ठेवला. म्हंजे पश्यानं डबा खाल्ला न खाल्ला, टिंग येळेवर जायची.

आन म्हणूनच दादा, त्यो गेल्यावरबी ती जात राहिली.

ऊसाचा एक हंगाम उलटला आता. विट्याच्या अलीकडं ज्या ऊसाच्या ट्रॉलीवर त्यो आदळला, तिला मागनं लाल दिवा नव्हता. सगळ्या जगाला बारक्यासारक्या गोष्टीला लाल पट्टी लावणारा मानूस, आन त्याच्यासमोर जिथं लाल पायजे हुतं तिथं काय नव्हतं. ह्याच्यावर जास्त लिवत न्हाई. शाई पसरती.

तर मी खुर्चीवर बसल्यावर पयल्याच आठवड्यात ती सूचना बघितली आन मला वाटलं, कायतरी यडपटपणा हाय, काढून टाकू. त्या आधी मावशीकडं गेल्ते. दुपारी टिंग वाजली. मावशी उठली, हात धुतलं, ताट घेतलं, जेवाय बसली. मी बघतच राहिले. मला म्हणली, "बघतीस काय? मला काय यडी समजतीस व्हय गं? पश्या न्हाई हे मला ठावं हाय. पर ही वाजली की घास उतरतो. त्यो काय माज्या सांगण्यावर न्हाई." मी सांगलीला परत आले आन त्या सूचनेला हात लावला न्हाई. हाताखालनं जाताना तिला नुसतं 'चल बाई' म्हणायची.

आता इघ्न कसं आलं ते आयक. परीक्षा चालू हुत्या. जुन्या इमारतीत गळाय लागलं म्हणून बी.कॉम.चा पेपर नव्या इमारतीत हलवला. मी लाल पट्टी लावली, टिंग सोडली, सगळं नीट केलं, शपथ. पर त्याच सकाळी पुस्तकं परत करायची टिंग, नळाची टिंग, रक्तदानाची टिंग, आन त्या सरांना बाटली सापडली त्याचीबी टिंग गेल्ती. पोरांनी म्हणलं, वाजतंय रोजचंच, आन फोन खिशात घातलं. निम्मी पोरं जुन्या हॉलात जाऊन बसली. त्यातलं म्हसवडचं एक पोरगं तर पेपर येईना म्हणून झोपलं, आन गुरख्यानं त्याला उठवलं. त्यांचा पेपर परत घ्यावा लागला. मग विद्यापीठात कायबी बिघडलं की जे हुतं ते झालं, म्हंजे समिती बसली. समितीनं ठरवलं, ह्यापुढं टिंग फकस्त जिवावरच्या गोष्टीला. आग, पूर, परीक्षा. बाकी समदं बंद. संयोगिता मॅडमनी माज्या शेजारी खुर्ची घेतली आन एकेक सूचना बघून काढायला लावली. ग्रंथालयाचं नाव आल्यावर त्या हसल्या. म्हणल्या, "हे काय? सूर्य उगवला हेही कळवायचं का आपण रोज?" मी हसले. दोघी हसलो. आन मी ती काढली. मला त्या येळंला सांगता आलं न्हाई रं. समितीच्या कागदावर 'मावशी जेवती' ह्याला रकानाच नव्हता.

(समितीचं बराबरच हुतं, हे तुला सांगती. रोज वाजणाऱ्या घंटंचा आवाज कानाला यायचा बंद हुतो. पर एका कानाला त्योच येत असतोय, त्या कानाचं काय करायचं, हे कुठल्या समितीत इचारायचं?)

तिसऱ्या दिवशी बनाबाईचा फोन. म्हणली, "आवं आमूताई, तुमची मावशी फोन घेऊन आटपाडीला गेलीया. फोन बिघडलाय म्हणती. आन कालपास्नं नुसत्या च्यावर हाय." मोबाईलच्या दुकानदारानं फोन उघडला, दात घासायच्या ब्रशनं आत झाडलं, फुंकर मारली, परत लावला. मग म्हणला, "मावशी, फोन चांगला हाय. पाठवणाराच थांबलाय." मावशी म्हणली, "पाठवणारा थांबलेला मला ठावं हाय रं लेकरा. फोन का थांबला ते सांग." त्यानं तिला एक गाणं घालून दिलं रिंगटोन म्हणून.

मी मग रोज दुपारी तिला फोन कराय लागले. म्हणलं, मावशी, मी जेवले, तू जेव. मावशी म्हणली, "तू जेवलीस ते तुज्या आईला सांग की. मला कशाला?" पटलं मला. आईचं गणित दुसऱ्याच्या पोरीवर सुटत न्हाई.

तवा मी ठरवलं, एकट्या मावशीच्या फोनवर टिंग सोडायची. तशी सोय हाय पॅनलमधी. नवी सूचना कशी दिसती ते बघायला एकाच फोनवर पाठवून बघायचं, तपासणी म्हणत्यात तिला. यादीतनं मावशीचा फोन शोधला. सूचना लिवली. ग्रंथालयाचं लिवायला पायजे हुतं, पर मन हाय, ते म्हणलं की आता एकटीलाच जातंय तर सरळच लिव की. मी लिवलं, 'आये, म्या जेवलो. तू जेव.' आन दाबलं. आता दादा, त्या पॅनलमधी 'एकाला' आन 'सगळ्यांना' ही दोन्ही बटणं जावाजावांसारकी शेजारी हायत, आन पश्याच्या खुर्चीवर लोंबकळताना मानूस जरा पुढं घसरतो.

पयली टिंग माज्या फोनवर वाजली. मग शेजारच्या टेबलावर. मग व्हरांड्यात. मग ती पावसाच्या सरीसारकी मैदानावर पसरत गेली, टिंग टिंग टिंग, आन वर लाल पट्टीवर विद्यापीठाच्या बोधचिन्हाशेजारी, 'आये, म्या जेवलो. तू जेव.' समितीची बैठक चालू हुती, तिथं सगळ्यांचे फोन एकदम वाजले आन सगळ्यांनी एकदम चष्मे लावले. परीक्षा विभागात एका आईचा फोन आला, की माजं पोरगं म्हसवडचं हाय, त्यो जेवला असं विद्यापीठानं कळवलंय, तर काय जेवला? एका सरांनी त्यालाच उत्तर पाठवलं, 'होय.' वसतिगृहाची पोरं भाईर आली आन कट्ट्यावर बसून घराकडं फोन लावाय लागली. वडाखाली, पायऱ्यांवर, सायकल स्टँडजवळ, जिथं बघावं तिथं पोरं कानाला फोन लावून, खाली मान घालून, हळू बोलतेली. कँटीनवाला मला म्हणला, एवढी गिऱ्हाइकं वड्यात बटाटा सापडला तवाबी नव्हती.

संयोगिता मॅडमनी मला बोलवलं. मला वाटलं आता संपलं. त्यांनी दार लावलं आन इचारलं, हे काय आहे? खोटं सांगायला माज्याकडं दोन-तीन तयार हुती, एक तर लय झकास हुतं, व्हायरस आलाय म्हणून. पर त्यांच्या टेबलावर पश्यानं करून दिलेली नावाची पाटी हाय. मी सगळं सांगितलं. शाळंची घंटा, डबा, 'रोज'चा खटका, आटपाडीचा ब्रश. त्या आयकत हुत्या. मग म्हणल्या, "आमू, ही सूचना मागे घ्यावीच लागेल. समितीने मजकूर दिलाय."

मजकूर असा, 'आज दुपारी पाठविण्यात आलेली सूचना चुकीची असून ती रद्द समजण्यात यावी.'

वाजलेली टिंग परत घेता येत न्हाई, दादा. पट्टी काढता येती, पर टिंग गेली ती गेली. तिच्या मागनं दुसरी टिंग सोडून सांगावं लागतं की पयली खोटी. आन ती सगळ्यांना जाणार, मावशीलाबी. मी डोळ्यांसमोर बघितलं, बनाबाई चष्मा लावून मावशीला वाचून दावतीया, की पोरगं जेवलं ही सूचना चुकीची हुती. माजा हात बटणावर जाईना. मॅडम उठल्या. खिडकीकडं तोंड करून म्हणल्या, "यादीतून एखादा फोन काढता येतो, हे तुला कुणी शिकवलंय का? नसेल तर मी चहा पिऊन येते, तोवर शिक." आन गेल्या.

मी शिकले. मावशीचा फोन यादीतनं काढला. पर एकदा काढला की इथनं परत घालता येत न्हाई, परवानगी त्या फोनवरनंच परत द्यावी लागती, आन आता आग-पूर सोडून काय जाणारबी न्हाई. म्हंजे मावशीच्या फोनवर पश्याच्या ऑफिसातनं परत कवा टिंग वाजणार न्हाई. पश्यानं लावलेली तार मी माज्या हातानं तोडली. मग रद्दची सूचना सोडली. सगळ्यांचे फोन वाजले, मावशीचा सोडून.

माजी चौकशी चालू हाय. तवर मला अलर्टवरनं काढून ओळखपत्रावर फोटो चिकटवायला बसवलंय. खुर्ची मी माजीच मागून घेतली, लोंबकळायची. त्यांनी दिली.

तर असं सगळं मिटलं. मावशी आता येळेवर जेवती, भाकरी पुरी संपवती, काळजी नसावी. तुज्या साहेबांना जय हिंद सांग, तुज्या बंदुकीला लांबनंच नमस्कार. थंडीत अंग सांभाळ, पायमोजे कोरडे ठेव. बाकी काय न्हाई.

तुजी,
आगलावी आमू

ता. क. : मावशी जेवती असं वर लिवलंय ते खरं हाय. का जेवती ते लिवलं न्हाई. परवाच्या रविवारी मी गेल्ते. ती 'आये, म्या जेवलो' तिच्या फोनवर अजून तशीच हाय, कुणाला हात लावू देत न्हाई, पुसलं जाईल म्हणून. मला म्हणली, "जालिंदरनं कळवलंय गं." मी म्हणलं, कुणी? म्हणली, "वाच की. आये लिवलंय. पश्या मला शाळंत गेल्यापास्नं आई म्हणायचा. आये म्हणणारा माजा एकच हाय." दादा, मी माज्या आईला आये म्हणती, घाईत तेच लिवलं गेलं. अख्ख्या विद्यापीठाच्या ध्यानात जे आलं न्हाई ते तिनं एका शब्दावरनं धरलं. मी तोंड उघडलं आन परत मिटलं. जन्मात पयल्यांदा.

ता. क. दुसरा : तवापास्नं मी तिला रोज दुपारी फोन करती आन सांगती, दादाचा निरोप आला, दादा जेवला. ती लगीच इचारती, काय जेवला? पयल्या दिवशी मी मेथी सांगितली. मग वांगं. मग दोडका, गवार, पावटा. काल गडबडीत शेवग्याच्या शेंगा सांगितल्या. मावशी म्हणली, "बर्फात शेवगा?" मी म्हणलं, मिल्ट्रीचा असतोय, डब्यातला. ती 'बरं' म्हणली, पर तिचं ते 'बरं' तुला म्हाईत हाय.

ता. क. तिसरा, आन खरा : आता काढती त्यो विषय. पश्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू अंगणात उभा राहून म्हणलास, पाणी दे. आन मावशी तांब्या घेऊन "आलास व्हय पश्या" म्हणत पळत आली, आन दारात तुला बघून तिथंच थांबली. तू ते पाणी पिलाच न्हाईस. बॅग उचललीस. मी ओट्यावर हुते, मी बघितलंय. तुमचा दोघांचा आवाज एक हाय, म्हणून तू फोन उचलत न्हाईस. तुला वाटतं, तू 'हॅलो' म्हणलास की तिच्या दारात परत त्योच येणार आन परत जाणार. पर दादा, त्या दिवशी तू नुसतं 'पाणी दे' म्हणलास. 'आये, पाणी दे' म्हणला असतास तर ती फसली नसती. म्हणून फोन लावशील तवा हॅलो म्हणू नको, मी बोलतोय म्हणू नको. पयला शब्द आये म्हण. मग जेवलो म्हण, आन खरी भाजी सांग. दुपारी कर. ती ताट वाढून, फोन ताटाशेजारी ठेवून बसलेली असती.

हे पत्र तुला मिळूस्तवर आठ-पंधरा दिस जातील. तवर मी भाज्या पुरवून पुरवून वापरती. बटाटा मागं ठेवलाय. त्यो संपला की माज्याकडं काय न्हाई.